कात्रीने पाहिलेले बारा हप्ते

मित्रांनो, २०१२ हे साल मी कधीच विसरणार नाही. मी एक जुनी कात्री आहे, शिवणकामाची, दहा इंची. त्या साली मला कामाला लागून एकतीस वर्षे झाली होती आणि माझ्या मालकिणीच्या डोक्यावर क्रेडिट कार्डाचे एक लाख वीस हजारांचे देणे होते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. तापून लाल झालेल्या पोलादावर हातोडे पडले, मग फिरत्या दगडावर माझी पाती घासली गेली. मालकिणीचे वडील शिंपी होते. मला विकत घेताना त्यांनी कानाशी धरून दोनदा उघडझाप केली आणि म्हणाले, "हिचा आवाज चांगला आहे." तेवढ्या कौतुकावर मी कित्येक वर्षे जगले. त्यांचा एक कडक नियम होता. कापडाच्या कात्रीने कागदसुद्धा कापायचा नाही, धार जाते. त्यांच्यामागे मी मुलीकडे आले आणि माझ्याबरोबर तो नियमही आला.

मालकिणीचा हात वडिलांपेक्षाही साफ. जिन्याखालच्या तिच्या दुकानात उभे राहायला जेमतेम दोन माणसांची जागा, पण तिथून बाहेर पडलेला कोट चारचौघांत उठून दिसे. दारावर पाटी होती, 'फक्त नवीन शिलाई'. कुणी पँटची चेन बदलायला आणली की ती गोड हसून परत पाठवी. दुरुस्ती करणे तिला कमीपणाचे वाटे. खरे सांगते, मलाही वाटे.

मग एका शाळेने गणवेशांची मोठी ऑर्डर दिली. मालकिणीने कापड आणि नवे मशीन कार्डावर घेतले. गणवेश तयार झाले आणि शाळाच बंद पडली. दोन वर्षे मालकीण दर महिन्याला सहा हजार भरत राहिली. घरात मात्र तिने अवाक्षर काढले नाही.

हे उघडकीस आणले तिच्या नणंदेने. नणंद एका कारखान्यात कामगारांच्या पगाराचे हिशेब करी. आकड्यांची पक्की, जिभेची तिखट. एकदा ती झग्याचे माप द्यायला आली, तेव्हा तिला टेबलावर बँकेचा कागद दिसला.

"वहिनी, हे काय?"

"काही नाही हो वन्सं. भरतेय मी वेळच्या वेळी."

"भरताय, दिसतंय. सहा हजारांतले बेचाळीसशे व्याजातच गेले. मूळ रकमेतून उतरले अठराशे, आणि तेवढ्याचाच दोरा तुम्ही परत ह्याच कार्डावर घेतलात! गळक्या बादलीत पाणी भरताय. दादाला माहीत आहे?"

मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आले. नणंद म्हणाली, "रडा, पण कापड बाजूला ठेवून रडा. माझा झगा आहे तो."

आठवडाभरात तिने वाट शोधून काढली. दुसरी एक बँक नवे कार्ड देत होती. जुन्या कार्डावरचे सारे देणे ती आपल्याकडे घेणार होती आणि बारा महिने व्याज लावणार नव्हती. शुल्क दोन टक्के, एकदाच. म्हणजे एकूण एक लाख बावीस हजार चारशे. बाराने भागले की महिन्याला दहा हजार दोनशे.

मालकिणीचे यजमान बसगाड्या दुरुस्त करीत. सारे ऐकून त्यांनी काळ्या बोटांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे कर्ज तेच, नुसतं बिऱ्हाड बदलणार?"

"हो रे दादा. पण नव्या बिऱ्हाडाला वर्षभर भाडं नाही," नणंद म्हणाली. "एक हप्ता चुकला की सवलत गेली. आणि वहिनी, नव्या कार्डावर सुईसुद्धा घ्यायची नाही. खरेदीला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं."

दुसऱ्या दिवशी मालकिणीने दारावरची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. सहा हजारांचे दहा हजार दोनशे करायचे होते. वरचे बेचाळीसशे आले ते चेन बदलून, बाह्या आखूड करून, पडदे दुमडून. मखमल कापणारी मी, शाळकरी पोरांच्या पँटी कापू लागले. आधी मला राग आला. मग एके दिवशी तिने एका म्हाताऱ्या पोस्टमनच्या कोटाचे फाटके कोपर असे सांधले की तो ठिगळ शोधत राहिला. त्या दिवशी माझा राग गेला. नवे शिवताना ती इतकी मोठी कधी दिसली नव्हती.

सहा हप्ते सुरळीत गेले. सातव्याला घोडे अडले. हप्त्याची तारीख पंधरा होती आणि पस्तीसशे कमी पडत होते. एका उपाहारगृहाचे अठ्ठेचाळीस एप्रन शिवायचे होते. सगळे मिळाल्याशिवाय तिथला व्यवस्थापक पैसे देणार नव्हता, आणि पंधराच्या सकाळी अकरा एप्रन बाकी होते.

"सतराला भरीन की," मालकीण निवांतपणे म्हणाली. "मी गिऱ्हाइकाला तारीख देते, तेव्हा गिऱ्हाईक वर दोन दिवस धरूनच चालतं."

नणंदेने कपाळाला हात लावला. "अहो, बँक काय तुमच्याकडे झबलं शिवायला आली आहे? तिची तारीख म्हणजे तारीख! आज भरले नाहीत तर उरलेल्या सगळ्यावर व्याज सुरू."

मालकिणीचा चेहरा उतरला. यजमान म्हणाले, "अगं, जुनं कार्ड रिकामं पडलंय ना? काढ त्यातून पस्तीसशे."

मालकिणीने जुने कार्ड खणातून काढले, क्षणभर पाहिले आणि मला उचलले. कडकन आवाज झाला, कार्डाचे दोन तुकडे टेबलावर पडले आणि माझ्या पात्याला खाच पडली.

"नुसतं कापून भागत नाही," नणंद म्हणाली. "पत्र देऊन बंद करावं लागतं."

"ते उद्या. आज तुम्ही इस्त्री घ्या, वन्सं. अहो, तुम्ही नाड्या सुलट्या करा."

मित्रांनो, तशी सकाळ मी पुन्हा पाहिली नाही. मशीन थांबले नाही. नणंदेने रजा टाकली. यजमानांनी ग्रीस लागलेले हात तीनदा धुतले आणि नाड्या उलटवता उलटवता म्हणाले, "ह्यापेक्षा गिअरबॉक्स सोपा." दुपारी दोनला अठ्ठेचाळीस एप्रन पोचले. बँकेची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटे असताना हप्ता भरला गेला. पुढचे पाचही वेळेवर गेले आणि बाराव्यानंतर कागदावर बाकी शून्य आली.

यजमान आता निवृत्त झाले आहेत आणि दुकानात बटणे लावतात, थोडी वाकडी. मालकिणीची बोटे सुजतात, म्हणून तिने हलकी कात्री घेतली. ती अजून दुरुस्तीची कामे आनंदाने घेते. मी खणात असते. परवा सुनेने माझ्या टोकाने पत्र्याचा डबा उघडला. मला वाईट वाटले, पण मालकिणीने मला पुसले आणि स्क्रूवर तेलाचा थेंब सोडला. आम्हा जुन्यांना तेवढे पुरते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण गंजत पडली असेल, तर तिलाही थेंबभर तेल द्या.

नणंद चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या आठवणीने मालकीण अजून म्हणते, "ती दोन वर्षं मी उगाच गप्प बसले." मित्रांनो, देणे झाले तर ते घरात दडवून ठेवू नका. नणंद तेव्हाही दोन गल्ल्या पलीकडेच राहत होती. हाक मारली असती, तर इस्त्री गरम होण्याआधी आली असती.