वरच्या मजल्यावरचा ओव्हन आणि मी

मी मालूच्या घरातला लोखंडी तवा. मला कोणी काही विचारलेलं नाही, तरी सांगतो. मनात ठेवून ठेवून आता राहवत नाही. मला हेवा वाटतो.

कल्याणच्या बाजारातल्या एका लोहाराने मला ठोकून घडवलं. मालूच्या आईने, आवडाबाईने, लेकीच्या लग्नात मला घेतलं आणि मी ठाण्याला कोपरीत आलो. मालूचा नवरा नाथा खाडीत मासे मारतो. त्याच्या घरी रोज तांदळाची भाकरी. मालू भाकरी माझ्यावर टाकते, लगेच ओल्या तळव्याने वरून पाणी फिरवते, मग उलटते. भाकरी टम्म फुगते. सात वर्षं माझ्याशिवाय या घरात कोणी जेवलं नाही. त्याची मला घमेंड होती, खोटं कशाला बोलू?

मग त्र्याण्णव साली घरामागे इमारत झाली. पहिल्या मजल्यावर प्रमोदिनीवहिनी राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर तो आला. गोल, चकचकीत, झाकणाला काच असलेला विजेचा ओव्हन. म्हणे त्याला राखेने घासावं लागत नाही.

दर शनिवारी वहिनींकडे चार बायका जमायच्या. प्रत्येकीने एक नवा पदार्थ सांगायचा, पिझ्झा, रोल, असलं काहीबाही. मालूची सहा वर्षांची मनू तिथे खेळायला गेली आणि पिझ्झा खाऊन आली.

"आई, चीज असं लांब होतं! तू आपली भाकरीच करतेस."

पुढच्या शनिवारी ती जेवायलाच आली नाही. मालूने खालून हाक मारली, तर वरून उत्तर, "पोट भरलं माझं! मी इथेच बसते."

मालू माझ्यासमोर बसून राहिली. नाथाला म्हणाली, "पोर तिकडचीच होऊन जाईल हो. मी सातवी शिकलेली, मला काय येतं?"

"अगं, पिझ्झा खाल्ला तिनं, गाव नाही सोडलं," नाथा हसला. मालू नाही हसली. तिला वहिनींचा राग, मला त्या ओव्हनचा.

एकदा वहिनींनी मनूच्या हाती ताटलीतून पिझ्झ्याचे दोन तुकडे पाठवले. शेजारणीची ताटली रिकामी परत करत नाहीत. मालूने ती घासून फळीवर ठेवली आणि तीन दिवस तिच्याकडे बघून काळजी केली. त्यांच्या घरात मासे चालत नाहीत, मग द्यायचं काय?

चौथ्या दिवशी तिने बेकरीतून पिझ्झ्याची पोळी आणली. मी म्हटलं, आज दाखवू त्या गोल्याला! तिने मला तापवलं, वर कांदा-टोमॅटो पसरलेली पोळी टाकली आणि हाताच्या सवयीने वरून पाणी फिरवलं. भाकरीवर फिरवते तसंच! पोळीचा लगदा झाला, कांदा-टोमॅटो घसरून माझ्या काठाला चिकटले.

"ई, चिखल!" मनू म्हणाली.

मालूच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी तर मान खाली. ओव्हनने हे ऐकलं नसेल, एवढीच आशा.

पण मालू हट्टी. दुसऱ्या दिवशी तिने तांदळाच्या पिठाची उकड काढली, गरम असतानाच मळली. भाकऱ्या पातळ थापल्या, माझ्यावर भाजल्या आणि मऊ राहाव्यात म्हणून फडक्यात गुंडाळल्या. दोन भाकऱ्यांत बटाटा-वाटाण्याची भाजी भरून गुंडाळ्या केल्या, त्या ताटलीत ठेवल्या. उरलेल्यांत कोलंबीचं सुकं भरलं. मनूने एक खाल्ली, बोटं चाटली.

"आई, हा रोल आहे! वरचा रोल तुटतो, हा नाही तुटत."

मग ताटली घेऊन ती वर पळाली. बराच वेळ आली नाही. मालू दारात, मी गॅसवर, दोघंही कान देऊन. आता ही तिकडेच बसणार, असं मला वाटलं.

ती आली ती वहिनींना घेऊनच. त्यांच्या हातात वही होती.

"मालू, माझी भाकरी गुंडाळायला गेलं की तडकते. तुझी कशी नाही तडकत?"

"उकड काढायची, काकू!" मनूनेच ऐटीत सांगितलं.

वहिनींनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दोन दिवस हा तवा देतेस का गं?"

मालूने मला चटकन जवळ ओढलं. "नको वैनी. तवा नाही देत. तुम्हीच या खाली, माझ्यासमोर करा."

वहिनी हसल्या. मी मात्र हसलो नाही. कोणी मला असं धरून ठेवलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

आता माझा काठ पातळ झालाय, मध्ये जरा खड्डाही पडलाय. मनू शनिवारी अजून वर जाते. पिझ्झ्याचा वास खाली येतो आणि मला अजून हेवा वाटतो. पण उतरताना जिन्यातूनच ती ओरडते, "आई, माझी भाकरी ठेवलीस ना?"

म्हणून मालू, एवढंच मागणं. तिच्यासाठी गार झालेली वाढू नकोस. कितीही उशीर होऊ दे, मला पुन्हा गॅसवर चढव.