आबांच्या शेतात पिक्चर

एकोणऐंशी सालच्या नवरात्रात अंधेरीच्या एका स्टुडिओवाल्यांनी बोनकोड्याच्या खाजणात, ठाण्याच्या खाडीकाठच्या खारवट जमिनीवर, पिक्चरसाठी चाळीस झोपड्यांचा कोळीवाडा उभा केला. खरं गाव तिथून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून तिथल्या बायजाला पहिल्यापासूनच त्या खोट्या गावाचं मोठं नवल वाटत होतं.

कंपनीनं तिला मासळीसाठी ठेवलं होतं. हिरॉइनच्या डोक्यावरच्या टोपलीत ताजी मासळी हवी, उन्हानं ती जराशी मलूल दिसली की बदलायची, एवढंच काम. हिरॉइन तर अजून आलीच नव्हती. तिच्याच उंचीची एक मुलगी टोपली घेऊन चालायची आणि कॅमेरेवाले तिच्यावरच सगळा नेम जमवून ठेवायचे. त्या नुसत्या तालमीसाठीसुद्धा पहिल्या दिवशी सहा टोपल्या मासळी गेली. बायजाचा जीव तुटला.

प्रॉडक्शन मॅनेजर नंदकिशोर हा गिरगावचा माणूस. सदा घामाघूम, पण बोलायला गोड. तो चहा प्यायला टेकला तेव्हा बायजानं त्याला गाठलंच.

"ओ मॅनेजर, आमचा खरा गाव हाय ना तिथं. मग यो खोटा कशाला बांदला?"

"तुमच्या गावात विजेचे खांब आहेत, बायजाबाई. आमची गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. शिवाय तुमची गल्ली तीन हात रुंद, कॅमेऱ्याची गाडी शिरणार कुठून? इथं भिंत आड आली की चार माणसं ती उचलून बाजूला ठेवतात."

"आनि ही दोनशे मानसा? नुसती बसून रायलीत."

"बसलेली नाहीत हो, थांबलीयत," नंदकिशोर म्हणाला. "ऊन सरळ होईपर्यंत थांबायचं, ढग गेला की पुन्हा सुरू. तेवढ्यात जनरेटरचं भाडं चढतं, क्रेनचं चढतं, दोनशे ताटं वाढावी लागतात. हिरॉइनबाईंच्या तारखा दोनच, पौर्णिमा आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची. त्या हुकल्या तर थेट जानेवारी. तोवर हे गाव राखत बसायचं. पिक्चर काढायला एवढा पैसा लागत नाही. थांबायला लागतो."

बायजाच्या मनात पैसा राहिला नाही, पौर्णिमा राहिली. "पुनवेला? पुनवेला दुपारी हितं कमरेएवढा पानी असंल."

नंदकिशोर हसला. त्यानं सेट बांधणाऱ्या भगवानला हाक मारली. भगवान चिखलातही बूट आणि पायमोजे घालून फिरायचा. तो म्हणाला, "बाई, आम्ही भरती बघूनच जागा ठरवलीय. पाणी बांधातल्या त्या दगडी दाराच्या, तुम्ही उघाडी म्हणता तिच्या खालीच थांबतं. रेघ मारून ठेवलीय. टेन्शन नका घेऊ."

"तुमी कवा बगितला?"

"गेल्या महिन्यात. अष्टमीला."

"अष्टमीला भांगाची, बारकी भरती असते. तवा पानी चढतच नाय. पुनवेला उधान हाय."

पण भगवानला तोवर कुणीतरी रंगाचा डबा दाखवायला ओढून नेलं होतं. पौर्णिमा परवावर आली होती.

बायजा घरी आली तेव्हा तिचे सासरे गंगाराम आबा ओटीवर बसले होते. पाच वर्षं ते तसेच बसून होते. एके काळी साऱ्या खाजणाचा बांध त्यांच्या शब्दावर उभा राहायचा. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून कुठं माती टाकायची, कुठली उघाडी कधी उघडायची, सगळं तेच सांगायचे. मग नव्या शहरासाठी सरकारनं जमिनी घेतल्या. शेती संपली, बांधाला दोन जागी खांडं पडली, आणि ती बुजवायचं कुणाला कारण उरलं नाही. धर्माला, म्हणजे बायजाच्या नवऱ्याला, कारखान्यात काम लागलं. आबांना ओटी लागली.

"आबा, आपले शेतान झोपऱ्या बांदल्यात. परवा सगल्या व्हावून जातील."

"माजा शेत कुठं आता? सरकारचा हाय त्यो. पानी आला त काय, नाय आला त काय."

बायजानं वाद घातला नाही. चूल पेटवता पेटवता नुसतं म्हणाली, "त्यो पायमोजंवाला बोलतो, पानी उघाडीच्या खालीच थांबतं. रेघ बी मारलीय त्यानं."

आबांनी चुलीकडे मान वळवली.

"उघाडीच्या खाली?" आबा उठून उभे राहिले. "येरा झालाय काय त्यो?"

पाच वर्षांत पहिल्यांदा आबा खाजणाकडे चालू लागले. बायजा चूल तशीच टाकून त्यांच्यामागून पळाली.

आबांनी सेटकडे बघितलंही नाही. भगवानचा हात धरून त्याला खाडीतल्या तिवरांच्या झाडांपाशी नेलं. खोडांवर छातीएवढ्या उंचीला सुकलेल्या चिखलाची एक सरळ पट्टी होती. "ही बग. पुनवेच्या पान्याची रेघ ही. तू मारलीस ती न्हवं."

भगवानचा चेहरा उतरला. मागून आलेला नंदकिशोर बोटांवर तारखा मोजू लागला. डायरेक्टरसाहेब लांबून चालत आले. त्यांना कुणी काही सांगायच्या आतच त्यांनी पट्टीला हात लावून स्वतःच्या छातीशी उंची मोजली.

"आबा," नंदकिशोरनं विचारलं, "काही होण्यासारखं आहे का?"

"दोन खांडं बुजवायची. उद्या सांजची ओहोटी, परवा सकालची ओहोटी. शंबर मानूस पायजेल, यकाच टायमाला. यक बी उशिरा आला नाय पायजे. पानी फिरला का काम खपला."

नंदकिशोरला त्याही स्थितीत हसू आलं. "आबा, तुमचं आणि आमचं दुखणं एकच आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अख्खं गाव उतरलं. धर्मा कारखान्यातून अर्धी रजा टाकून आला. स्टुडिओचे सुतार, लाइटवाले, नाचाच्या मुली, सगळे गुडघाभर चिखलात. पुरुष ओल्या मातीचे मोठे गोळे कापत, बाया ते हातोहात पुढे देत, खुंट ठोकून मध्ये पेंढा दाबला जाई. डायरेक्टरसाहेबांनी आपला भोंगा आबांच्या हातात दिला. आबांना त्याची गरज नव्हती, पण त्यांनी तो सोडलाही नाही. "त्या मोज्यावाल्याला पाय धुवायला सांगा!" ते त्यातून ओरडले, आणि सगळं खाजण हसलं. भगवाननं बूट-मोजे काढून तिवराला टांगले. मोठं खांड त्याच संध्याकाळी बुजलं, धाकटं सकाळी.

पौर्णिमेला दुपारी पाणी चढलं. बांधापलीकडे ते झोपड्यांच्या ओट्यांपेक्षा वर उभं होतं आणि अलीकडे कोरड्या जमिनीवर हिरॉइन डोक्यावर टोपली घेऊन चालत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. इतक्यात धाकट्या खांडापाशी झरा फुटला.

"सायलेन्स!" कुणीतरी ओरडलं.

आता हाक मारायची सोय राहिली नाही. आबा सरळ झऱ्याला पाठ लावून खाली बसले. बायजानं पदर खोचला आणि त्यांच्या पाठीमागं मूठमूठ माती कोंबू लागली. खारं पाणी आबांच्या कमरेवरून वाहत होतं, नाकातोंडात शिंतोडे जाऊन खोकला येत होता. तो ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी धोतराचा सोगा तोंडात धरला. शॉट तीनदा झाला. तिसऱ्यांदा "ओके" ऐकू आलं तेव्हा पाणी उतरणीला लागलं होतं. बायजानं आबांना हात देऊन उठवलं. त्यांचा चेहरा कसा उजळला होता! तिच्या आणि धर्माच्या लग्नातही तिनं ते असे बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवसाची भरतीही बांधानं पेलली. हिरॉइन गेली, झोपड्या मोडून ट्रकमध्ये भरल्या. पुढच्या वर्षी सगळं घर ठाण्याला जाऊन पिक्चर बघून आलं. हिरॉइनचं ते टोपली घेऊन चालणं वीस आकडे मोजेपर्यंत संपलं. "येवढ्यासाठी?" धर्मा म्हणाला. आबा मात्र घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत राहिले, की पाय बघितलेत का बाईचे, कोरडे होते.

त्यानंतर एका सकाळी दारात जीप थांबली. नंदकिशोर उतरला. उरणकडे खाडीकाठी नवा सेट बांधायचा होता आणि डायरेक्टरसाहेबांनी बजावलं होतं, आबांना दाखवल्याशिवाय एक बांबू रोवायचा नाही. एक दिवस फुकट जाण्यापेक्षा पाणी ओळखणारा माणूस पदरी ठेवणं कितीतरी स्वस्त, असं तो बायजाला हलक्या आवाजात म्हणाला.

"मना झेपंल काय रं आता?" आबांनी विचारलं खरं, पण तोवर त्यांनी टोपी घातली होती.

बायजानं भाकरी बांधून दिली. जीप निघाली तेव्हा आबा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला सांगत होते, "खालच्या रस्त्यानं नको नेऊ. बारा वाजता तिथं पानी येनार हाय."