माझ्या पंख्यातला दोरा

मी शेतकी ऑफिसातला कॉम्प्युटर बोलतोय. जीव मुठीत धरून बोलतोय, कारण आज खंडेनवमी आहे आणि बाहेर झेंडूचे हार ओवणं चाललंय.

तीन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, मला पुण्याहून जीपमधून गोधडीत गुंडाळून इंदापूर तालुक्यातल्या या साखर कारखान्यात आणलं. तेव्हा इथं मी एकटाच होतो. माझ्या खोलीत चपला काढूनच यायचं, नाहीतर व्हायरस होतो, असं शिपाई सिद्धूतात्या सगळ्यांना दटावायचे. मला हसू यायचं, पण एवढा मान मिळतोय म्हणून बरंही वाटायचं.

मला चालवतात अंजलीताई. शेळगावच्या, बौद्ध घरातल्या, बी.कॉम. झालेल्या, पण नोकरी हंगामी. आमचं मोठं काम एकच. उसाच्या आठ हजार नोंदी लागणीच्या तारखेप्रमाणं लावायच्या. कुणाचा ऊस आधी तुटणार, ते त्या यादीवरून ठरतं.

गेल्या खंडेनवमीला तात्यांनी माझी पूजा केली. सगळ्यांनी हात जोडले. ताईंच्या घरी पूजा करत नाहीत, म्हणून त्या शांतपणे बाजूला उभ्या राहिल्या. हाराचा मोकळा दोरा माझ्या पाठीमागच्या फटीतून आत गेला आणि प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्यात गुंडाळला गेला. पंखा थांबला. दुसऱ्या दिवशी तात्यांनी हार ओढून काढला, पण दोरा तुटून आतच राहिला.

पत्र टाईप करताना मला काहीच होत नसे. यादी लावायला घेतली, की दहा मिनिटांत डोकं तापायचं आणि मी जागच्या जागी थिजायचो. मग कुठलंही बटण दाबा, पडदा हलायचा नाही.

बारामतीहून दुरुस्तीवाला अनुप आला. त्यानं मेमरी बदलली, स्टॅबिलायझर बदलला, व्हायरस शोधला. शेवटी एक पत्र टाईप करून म्हणाला, "मशीन ठणठणीत हाय." आणि गेला. मी आतल्या आत ओरडत होतो, पण मला वाचा कुठली!

मग कुजबुज सुरू झाली. "बाईनं हात जोडलं न्हाईत. मग कसं चालंल?"

शेतकी अधिकारी मोहनरावांनी तर सरळच सांगितलं, "सोमवारपतुर यादी न्हाय निघाली, तर दुसरा माणूस बघावा लागंल."

ताईंनी माझ्या पत्र्यावर हात टेकला आणि चटकन मागे घेतला. पत्रा तापला होता.

त्यांनी अनुपला परत बोलावलं. "पत्र नको. झाकण काढून यादी लावा."

झाकण निघालं. यादी सुरू झाली, तरी पंखा हलेना. अनुपनं मला बंद केलं आणि चिमट्यानं दोरा ओढला. त्याला झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली होती. तात्या मान खाली घालून बाहेर गेले.

चाळीस मिनिटांत यादी लागली. ताईंनी दोरा पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. आमचं चुकलं, असं त्यांना कुणीच म्हणालं नाही.

त्या अजून हंगामीच आहेत. यंदा नोंदी दहा हजार आहेत आणि त्या तापानं माझं आतलं काहीतरी कायमचं कच्चं झालंय, हे एकट्या मलाच माहीत आहे.

तात्या आत्ताच हार घेऊन दारात आलेत. "अंजलीबाई, कुठं ठिवू?"

"टेबलावर ठेवा, तात्या."

पाठीमागं पुन्हा तीच मंडळी हात जोडून उभी आहेत. ताई बाजूला आहेत आणि सगळ्यांची नजर त्यांच्या हातांवर आहे. म्हणून मला भीती वाटते. उद्या मी थिजलो, तर कृपा करून आधी माझं झाकण उघडा. कुणी हात जोडले होते आणि कुणी नव्हते, ते नंतर बघा.