हाउजीच्या टेबलावरचा उजवा हात

टेलरमास्तरांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून बायकोच त्यांना भरवत होती. चाळीस वर्षं कात्री चालवलेला हात मांडीवर पडून असायचा आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून बसायचे. आठ महिने हूं की चूं नाही. शेवटी सुनेने ज्येष्ठांच्या केंद्रात, बुधवारच्या हाउजीला त्यांचं नाव घातलं. "चार माणसांत बसतील, आई."

तिसऱ्या बुधवारी मास्तर चष्मा विसरून गेले. तो द्यायला बायको केंद्रावर पोचली आणि दारातच थबकली.

आत आकडे पुकारले जात होते. कुणाचा तरी चष्मा नाकावर चढवून मास्तर तिकिटावरचे आकडे खोडत होते, पेन उजव्या मुठीत आवळून. रेघ भलतीकडेच जात होती.

"मास्तर, चव्वेचाळीस सोडून माझी बाही खोडलीत की!" शेजारची निवृत्त नर्स म्हणाली.

"नवी लावून देईन," मास्तर अडखळत म्हणाले. सगळं टेबल हसलं. मास्तरही.

बायकोने चष्मा दारावरच्या माणसाकडे दिला आणि ती तशीच परतली.

संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही. "तिथे हात चालतो, जीभ चालते. घरी काय होतं? मी काय वैरीण आहे तुमची?"

"तिथे सगळ्यांचंच चुकतं," मास्तर म्हणाले. "इथे काही सांडायच्या आधीच तू पुसायला टपलेली असतेस."

तिच्या जिवाला ते फार लागलं. स्वयंपाकघरात जाऊन ती नळ सोडून रडली. मग ताट वाढलं, चमचा त्यांच्यासमोर ठेवला आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसली.

पहिला घास सदऱ्यावर पडला. दुसरा जमिनीवर. तिचा हात बाहेर आला, मास्तरांनी पाहिलं, तिने तो मागे घेतला. तिसरा अर्धामुर्धा तोंडात गेला. जेवण तासभर चाललं, पार गार झालं. भरवण्यापेक्षा हे कितीतरी जड होतं.

बुधवारी मास्तरांनी विचारलं, "येतेस?"

"येते. पण तुमच्या टेबलावर नको. मी तिथेही पुसत बसेन."

केंद्रात ती दुसऱ्या टेबलावर तिकीट घेऊन, त्यांच्याकडे पाठ करून बसली. मागून मास्तरांचं हसणं ऐकू आलं, पण ती वळली नाही. तेवढ्यात तिचे दोन आकडे मात्र हुकले.