उताराची बाजू

मी माणसांचे फोटो काढत नाही. माणसं मग फोटो मागतात, जाड दिसतेय म्हणून कटकट करतात, आणि माझं डोकं आधीच गरम. माझा धंदा वस्तूंचा. नळ, बिजागऱ्या, कड्या, कुलपं. हार्डवेअरच्या मालाचे कॅटलॉग निघतात ना, त्यांचे फोटो मी बावीस वर्षं काढतेय. वस्तू उचलायची, पुसायची, तिचं तोंड उजेडाकडे करून ठेवायची आणि खटका दाबायचा. नळानं मला आजवर उलट उत्तर दिलेलं नाही.

सुट्टीच्या दिवशीही मी हेच करते, फक्त रस्त्यावर. कॅमेरा गळ्यात अडकवून सकाळी निघते आणि दिसेल ते टिपत जाते. दादा सोबत असतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ऑफिसातून निवृत्त झाला, वहिनी गेली, तेव्हापासून माझ्याकडेच राहतो. घरात मला लवंगी म्हणतात, ते नावही त्याचंच.

"लोक लग्नाकार्याचे फोटो काढतात," तो भेटेल त्याला सांगतो, "आमची लवंगी गटाराच्या झाकणांचे काढते."

त्या दिवशी आम्ही बांधकामाच्या मालाच्या दुकानांच्या रस्त्यावर गेलो होतो. रस्ता चांगलाच उताराचा आहे. वरच्या टोकाला फरश्यांचं गोदाम, मध्ये पाइपवाले, वेल्डर, रंगवाले, आणि खालच्या टोकाला भिंतीला पाठ लावून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा म्हातारा. मी शटरच्या कडीवर वाळत घातलेल्या एकुलत्या एका हातमोज्याचा फोटो काढला. तारेनं पाय बांधलेली खुर्ची काढली. म्हाताऱ्याचं पायानं फिरवायचं धारेचं चाक तर मला फारच आवडलं.

"चाकाचाच काढा हं," म्हातारा म्हणाला. "मी नको. घरी बायकोला रोज दिसतो, तिलाही नको असतो."

मी हसले आणि खरंच चाकाचाच काढला. मग आम्ही चढ चढून वर आलो.

गोदामासमोर एक ट्रक उभा होता, तोंड चढाकडे, पाठ उताराकडे. दोघं हमाल त्यात फरश्यांची खोकी भरत होते. मागच्या चाकाच्या मागे, उताराच्या बाजूला, लाकडाचा एक त्रिकोणी ठोकळा लावलेला होता. जुन्या दाराच्या चौकटीतून कापलेला असावा, कारण त्याच्या एका अंगाला अजून हिरवा रंग होता. चाक टेकून टेकून मधोमध खोलगट झालेलं, वर तेलाचे डाग, उचलायला दोरीची मूठ. माझ्या तोंडून वा निघून गेलं.

पण ठोकळा सावलीत होता. मी जागेवर एक फोटो काढला, तो काळपट आला. मग मी दोरी धरून ठोकळा हलवला. ट्रक जागचा हलला नाही. ओढून काढला, ओढणीनं पुसला आणि चाकाच्या पुढच्या बाजूला, चढाकडे, ऊन पडलं होतं तिथे ठेवला. खोलगट भाग चाकाला नीट चिकटवला. तीन फोटो काढले. अगदी कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर शोभतील असे.

आणि तो तिथेच ठेवून निघाले. मला गाडी चालवता येत नाही, हे खरं आहे. पण कारण ते नव्हतं. उतार मला दिसत होता. पण बावीस वर्षांत वस्तूचं तोंड कुठे हवं याचाच विचार केलेला, ती कशासाठी आहे याचा कधीच नाही. ठोकळा चाकाला टेकला होता, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

आम्ही दहा-बारा पावलं गेलो असू. मागे एक खोकं धपकन ट्रकमध्ये पडलं, मग ब्रेक करकरला आणि हमाल ओरडला. मी वळले तेव्हा ट्रक मागे निघाला होता. हमालांनी उड्या टाकल्या. सुरुवातीला तो इतका सावकाश जात होता की कोणीतरी हातानं अडवेल असं वाटलं. मग वेग आला. रंगवाल्याचे डबे उडाले, एक सायकल चाकाखाली गेली. म्हातारा मान खाली घालून पायानं चाक फिरवत होता, त्या आवाजात त्याला काही ऐकूच आलं नाही. ट्रकनं त्याला भिंतीशी गाठलं.

त्याचा आवाज आला नाही. भिंतीचा आला.

सगळा रस्ता खाली धावला. लोकांनी ट्रक रेटून पुढे काढला तेव्हा म्हातारा कमरेपासून खाली म्हातारा राहिला नव्हता. त्याच्या हातात कात्री तशीच होती. तो दोनदा तोंड उघडून हवा घेताना मला दिसला, तिसऱ्यांदा नाही.

तेवढ्यात ड्रायव्हर गोदामातून धावत आला. पस्तिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस, हातात मालाची पावती. तो वर, ट्रक उभा होता त्या जागी थांबला. तिथे रस्त्यावर ठोकळा पडला होता, चढाच्या बाजूला, मी ठेवला तसाच.

"हा इकडे कसा?" तो म्हणाला. ठोकळा उचलून तो खाली आला आणि लोकांना दाखवू लागला. "मी खालच्या बाजूला लावला होता हो. हा वर कसा आला?"

वेल्डरनं पहिली थोबाडीत मारली. वेल्डर म्हणजे त्या रस्त्यावरचा सगळ्यात आडदांड गडी, आणि म्हाताऱ्याचा दोस्त. दोघं रोज दुपारी एका डब्यातून जेवायचे, हे मला नंतर कळलं. "माणूस मेला, आणि हा ठोकळा दाखवतोय! पिऊन गाडी लावतोस?"

"पिलो नाही हो. खालच्या बाजूला लावला होता."

मग चहूबाजूंनी सुरू झालं. बुक्क्या, लाथा, पट्टे. कोणीतरी त्याचे केस धरून डोकं ट्रकच्या फाळक्यावर आपटलं. त्याचा एक दात रस्त्यावर पडला आणि लोकांच्या पायांखाली इकडून तिकडे जात राहिला. दर फटक्यानंतर तो तेच सांगत होता. खाली लावला होता. देवाशपथ खाली लावला होता. तो कबूल होत नाही म्हणून लोक आणखी चिडत होते.

दादानं माझा दंड घट्ट पकडला होता. त्यानं मला ठोकळा हलवताना पाहिलं होतं.

"एक शब्द बोलू नकोस," तो माझ्या कानात म्हणाला. "तुलाही फाडून खातील. चल इथून."

मला राग येतो, भीती वाटत नाही, असं मी जन्मभर मिरवत आले. त्या दिवशी मला भीती वाटली. मी दादाचा हात झटकला नाही. तीन मिनिटं गेली असतील, चार गेली असतील. त्या वेळात एक माणूस मार खात राहिला, आणि मी त्याचे फटके मोजावेत तसं त्याचं ते एकच वाक्य मोजत होते.

वेल्डरनं पाइपवाल्याच्या दुकानातून पाइप उचलला आणि ड्रायव्हरच्या उजव्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला तिथवर आला. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. वेल्डरवर की स्वतःवर, देव जाणे. दादाच्या हाताला कडाडून चावले आणि गर्दीत घुसले.

"सोडा त्याला! ठोकळा मी हलवला! मी!"

कोणी लक्ष दिलं नाही. मी कॅमेऱ्यावर फोटो लावून लोकांच्या नाकासमोर धरू लागले. "हे बघा, आधी खाली होता! फोटोसाठी मी वर ठेवला!"

वेल्डरनं फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. "ताई, तुम्ही बाजूला व्हा," तो म्हणाला, आणि ते अगदी अदबीनं म्हणाला. "भल्या घरच्या दिसता. असल्यांना वाचवायला खोटं कशाला बोलता?"

त्याची ती अदब मला सहन झाली नाही. मी कॅमेरा पट्ट्याला धरून गरकन फिरवला आणि त्याच्या तोंडावर मारला. भिंग फुटलं, त्याची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. तो दोन पावलं मागे गेला. गर्दी क्षणभर थांबली. त्या शांततेत मी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द तोडून. ठोकळा मी हलवला. हा माणूस खरं बोलतोय.

तिथल्या एकाच माणसाचा माझ्यावर विश्वास बसला. ड्रायव्हरचा.

तो गुडघ्यांवर होता. एक डोळा मिटलेला, उजवा हात लोंबता. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलेलं मला दिसलं. डाव्या हातानं त्यानं ठोकळ्याची दोरी धरली आणि उठता उठता माझ्या जबड्यावर घातला. मी आडवी झाले. तोंडात दात, रक्त आणि लाकडाचं कुसळ. मी सांगते, तो फटका माझ्या हक्काचा होता. त्याबद्दल त्याच्यावर मला एक दिवसही राग आलेला नाही.

"बाईवर हात टाकतो!" कोणीतरी ओरडलं. "ती वाचवायला आली, तर तिच्यावरच!"

इतका वेळ थोडे बाजूला असलेलेही मग पुढे झाले. पाइप, फरश्या, हाताला येईल ते. मी पालथी पडून बघत होते. नको म्हणायला तोंड उघडलं, पण जबडा खाली लोंबत होता आणि घशातून नुसता घुर्र असा आवाज निघाला. लोकांना वाटलं, बाई वेदनेनं विव्हळतेय, आणि त्यांनी आणखी जोर केला. मी सरपटत जाऊन एकाचा पाय धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला, मला लागू नये म्हणून. ड्रायव्हर शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणत होता. मग ते वाक्य बंद पडलं.

दवाखान्यात माझा जबडा तारांनी बांधला. दीड महिना बोलायचं नाही. दादा उशाशी बसून असे, चावलेल्या हाताला पट्टी बांधलेली. त्यानंच सांगितलं की कॅमेऱ्यातलं कार्ड त्यानं मोडून नाल्यात टाकलं. पोलिसांनी जबाब तयार करून आणला होता: ड्रायव्हरनं निष्काळजीपणानं गाडी उभी केली, एका बाईनं मध्यस्थी केली, त्यानं तिला मारलं, अज्ञात जमावाच्या मारहाणीत तो मेला. खाली फक्त माझी सही हवी होती.

"कर आणि मोकळी हो," दादा म्हणाला. "तो काही परत येणार नाही. तुरुंगात जायचंय का तुला?"

मी कागदामागे लिहिलं, ठोकळा मी हलवला. त्यानं कागद फाडला. मी दुसऱ्यावर लिहिलं. त्यानं तोही फाडला, आणि रडला. मी वहीच मागवून घेतली, उशीखाली ठेवली आणि सगळं सविस्तर लिहून काढलं.

चौथ्या दिवशी ड्रायव्हरची बायको आली. हातात संत्र्यांची पिशवी. दारातच थांबली, दादानं आत ये म्हटल्यावर आली, आणि खाली वाकून माझ्या पलंगाच्या कडेला डोकं टेकलं.

"आमच्या ह्यांनी तुमच्यावर हात उचलला," ती म्हणाली. "तुम्ही वाचवायला गेला होतात, सगळे सांगतात. त्यांची बुद्धी फिरली असेल. माफ करा त्यांना. मेलेल्या माणसावर राग धरू नका."

मी उशीखालून वही काढली आणि तिच्यापुढे धरली. तिनं ती उलटसुलट केली आणि दादाकडे दिली.

"मला वाचता येत नाही, भाऊ. काय लिहिलंय ताईंनी?"

दादानं वहीत बघितलं. "लिहिलंय की," तो म्हणाला, "माझा काही राग नाही. मी त्याला माफ केलं."

त्या बाईनं डोळ्याला पदर लावला आणि मला हात जोडले. माझ्या तोंडाला तारा होत्या, हातांना नव्हत्या. मी दादाचा अंगठा पकडला आणि मागे वळवला. तो कळवळला, लवंगे सोड म्हणाला. मी सोडला नाही. मान वहीकडे केली. तो नाही म्हणाला. मी आणखी वळवला, सांधा कट्‌कन वाजेपर्यंत. मग त्यानं वाचलं. घाम फुटलेल्या चेहऱ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मी ठोकळा ओढणीनं पुसला तिथपासून मी दंड सोडवून घेतला नाही तिथपर्यंत.

ती बाई उभीच होती. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी मान पुढे करूनही बघितली. तिनं संत्र्यांची पिशवी जमिनीवर ठेवली.

"म्हणजे ते खरं बोलत होते," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"लोक म्हणतात, मरेपर्यंत खोटं बोलत राहिला. माझा मुलगा तेच ऐकून आलाय शाळेतून." ती जवळ आली. "तुम्ही तिथे उभ्या होतात ना? खाली लावला होता म्हणून किती वेळा सांगितलं त्यांनी, तुम्ही बोलायच्या आधी?"

दादा म्हणाला, "कशाला आता ते, बाई."

"तुम्हाला नाही विचारलं."

मी दादाचा अंगठा सोडला आणि एका हाताची बोटं तिच्यासमोर उघडली. मग दुसऱ्या हाताची. ती बघत राहिली. मी मुठी मिटल्या आणि पुन्हा पहिल्या हातापासून सुरुवात केली.