आडवं ठेवलेलं स्टूल

मी राजघराण्यातलं स्टूल बोलतोय! ज्या झाडातून राजाचं आसन कोरलं, त्याच झाडाचा मी. आता उगाच उठून उभे राहू नका. राजाचं कोरून झाल्यावर बुंध्यापाशी जो ओंडका उरला, त्याचा मी. चुलीत जायचो ते वाचलो, एवढंच आमचं राजघराणं.

मला घडवलं कुमासी शहराजवळच्या अहविया गावात, बोन्सू म्हाताऱ्यानं. झाड तोडण्याआधी त्यानं खोडावर अंडं फोडून झाडाची माफी मागितली होती. पण माझी वेळ आली तेव्हा अंडी संपली असावीत, कारण बसायच्या जागीच मला चीर गेली. म्हातारा हळहळला. "लेका, तू कोणाच्या घरी जाणार नाहीस. तू आपला ज्याच्या त्याच्या खाली जाशील."

आमच्याकडे बायको घरात आली की नवरा तिला आधी स्टूल देतो. स्टूल दिलं म्हणजे जागा दिली. मग तिला "ऊठ, चालती हो" म्हणायची सोय राहत नाही. पण चीर गेलेलं स्टूल बायकोला कोण देणार? दिलं तर पहिल्याच दिवशी तिच्या लुगड्याला चिमटा!

मी गेलो खाणावळीत. बाहेर फुफूसाठी उकडलेले कंद कांडल्याचा धपधप आवाज, आत मिरचीच्या साराची वाफ, आणि माझ्यावर दिवसभर बुडांची ये-जा. मास्तर बसले, ड्रायव्हर बसले, पाद्रीबाबासुद्धा बसले. माणसाचं तोंड काय वाटेल ते बोलतं हो, पण बूड खोटं बोलत नाही. "मला मुळीच घाई नाही" म्हणणारा टोकावर टेकतो. "भूक नाही फारशी" म्हणणारा रुतून बसतो. आणि बढाया मारणाऱ्याला मी चिरेत धरायचो. एका पुढाऱ्याच्या नव्या विजारीला असा चिमटा काढला, की "मी गरिबांसाठी..." एवढं म्हणून गडी जो उडाला, तो साराच्या वाडग्यासकट! अजून आठवलं की माझं लाकूड हलकं होतं.

पण मजा संपून खाणावळ झाडून झाली, की एक गोष्ट सलायची. उठताना मला कोणी आडवं करत नसे.

आमची रीतच आहे ती. उठलं की आपलं स्टूल कुशीवर आडवं करायचं. नाहीतर दिसणारं, न दिसणारं, भलतंच कोणी येऊन बसतं. आडवं स्टूल म्हणजे मालक नुसता उठलाय, परत येणार आहे. त्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी मात्र रात्रंदिवस सरळ. सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही.

पुढे खाणावळ बंद पडली. त्याच सुमारास नवा कामगार कायदा आला. शाळांचे गणवेश शिवायच्या बिरागो मॅडमच्या कारखान्यात रेडिओ दिवसभर तेच सांगत होता. उभ्यानं काम करणाऱ्याला बसायला आसन द्या. सलग सहा महिने राबलेल्याला कायम करा. बाळंतपणाची पगारी रजा द्या. इस्त्रीवाल्या बायका रेडिओचा आवाज वाढवायच्या, मॅडम येऊन कमी करायच्या.

"कायम म्हणे!" मॅडम कडाडल्या. "शाळा उघडायच्या आधी मला हात पुरत नाहीत, आणि नंतर मशिनींवर कोळी जाळी विणतात. मग कोळ्यांनाही कायम करू का?"

आसनांचं मात्र त्यांनी लगेच मनावर घेतलं, कारण खाणावळीतली स्टुलं स्वस्तात मिळत होती. चुकल्या त्या इथंच. प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या असत्या तर माझी गोष्ट घडलीच नसती. बाईंनी आम्हाला आणलं, आणि वर आपल्या हातानं एकेकीला देत म्हणाल्या, "घे, बस."

इस्त्रीवाली अदोमा, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "मॅडम, स्टूल देताय? मग वऱ्हाड कधी आणू?"

सगळ्या खिदळल्या. मॅडमही हसल्या. तेव्हा हसायला काय जात होतं!

मी आलो पोकुआच्या वाट्याला. उंच, सडसडीत पोरगी. पोटात नुकतंच बाळ राहिलेलं, आणि पाय संध्याकाळपर्यंत पावासारखे फुगायचे. ती माझ्यावर टेकली आणि तिच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तो माझ्या चिरेतून थेट आत गेला. चिमटा काढायची माझी जन्माची खोड. पण तिच्यासाठी मी अंग चोरून बसलो.

आणि मग पाणी प्यायला उठताना तिनं मला हळूच कुशीवर कलवलं. उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कोणीतरी आडवं केलं! राजाच्या आसनाला विचारा, त्याला तरी एवढं सुख मिळालं असेल का.

"कामाचे सहा महिने भरू देत गं," ती अदोमाला म्हणायची. "मग बाळाला घेऊन घरी बसेन आणि पगार चालत येईल. तेवढ्यावर बाळाचं निघेल."

"घरी बसशील कशावर? स्टूल तर इथं."

"ते थांबेल माझ्यासाठी."

सहा महिने भरत आले, तशी मॅडमची नजर पोकुआच्या पोटावरून भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊ लागली. एके सकाळी त्या गोड आवाजात म्हणाल्या. गोड आवाज आला की मला लगेच वाळवीची शंका येते.

"पोकुआ, तू आता घरी जा. आराम कर. बाळ झालं की ये. नव्यानं घेईन तुला."

"नव्यानं?"

"नव्यानं."

म्हणजे सलग तुटलं. कायम नाही, रजा नाही, पगार नाही. सगळ्यांना कळलं. पोकुआ भांडली नाही. तिनं इस्त्री बंद केली, फडक्यानं मला पुसलं, आडवं केलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी नवी पोरगी आली आणि माझ्यापाशी येऊन थबकली.

"बस की," मॅडम म्हणाल्या.

"याची मालकीण यायचीय ना."

"कोणी यायची नाहीय!"

"मग तुम्हीच सरळ करून द्या."

मॅडम वाकल्या. हात माझ्यापर्यंत आला आणि तिथूनच वळून कमरेवर गेला. "आज कंबर धरलीय माझी," म्हणाल्या. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई! पण आजीनं शिकवलेलं हातातून जात नाही.

मी आडवा, म्हणून पोकुआच्या टेबलालाही कोणी हात लावेना. चुरगळलेल्या गणवेशांचे ढीग लागले. एका शाळेनं निरोप पाठवला, पोरं अंथरुणातून थेट वर्गात आल्यासारखी दिसतात.

मग आसनं बघायला कामगार खात्याचे साहेब आले. माझ्यापाशी येताच त्यांच्या पायांनी आपोआप वळसा घेतला. आमच्यातलेच ते.

"हिथली बाई कुठंय?"

काढलं म्हणावं, तर सहा महिने भरायच्या तोंडावर का काढलं हे विचारणार. मॅडम म्हणाल्या, "आत्ताच उठलीय साहेब. येईलच."

अदोमाला जो खोकला लागला, तो साहेब जाईपर्यंत थांबला नाही.

एकदा दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मॅडम माझ्याशेजारी चक्क जमिनीवर बसल्या. "मी वाईट आहे का रे? मीही इस्त्रीच करत होते. एका हंगामावर वर्ष ढकलते मी. मला कोण कायम करणार?" बूड माझ्यावर असतं तर खरं-खोटं कळलं असतं.

बाकी दिवस मी दाराकडे बघत पडलो. आडव्यानं बघितलं की दारही आडवं होतं. रस्त्यासारखं पसरतं, आणि त्या रस्त्यानं कोणी येत नाही. चपलांचा आवाज आला की वाटायचं, तीच. वाळलेलं लाकूड मी, पण वाट बघून ओला व्हायचो.

पुन्हा शाळा उघडायचे दिवस आले, तेव्हा मॅडमनी मला उचललं आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. तिथंही आडवंच.

सुआमे भागातल्या रस्त्याकडेला पोकुआ केळी भाजत होती. पाठीवर बांधलेलं बाळ झोपलेलं. बसली होती सिमेंटच्या ठोकळ्यावर. त्या बेढब ठोकळ्याचा मला असा हेवा वाटला म्हणून सांगू! तुम्ही शिकलेली माणसं, कायदे करता, कायद्यातून वाटा काढता. खुशाल काढा. फक्त कोणाला "बस" म्हणालात तर त्या शब्दाला जागा हो. आमच्यासारख्यांना ते खरं वाटतं.

मॅडमनी मला दोघींच्या मध्ये ठेवलं.

"केळं देऊ, मॅडम? गरम आहे."

"केळं राहू दे. हे तुझं स्टूल. यानं माझं टेबल अडवून धरलंय."

पोकुआनं माझ्या कडेवर उडालेली राख बोटानं झटकली. सरळ मात्र केलं नाही.

"ये ना परत," मॅडमचा आवाज या वेळी गोड नव्हता, म्हणून मी कान दिला. "तू गेलीस, मीही जाऊ दिलं. झालं ते झालं. आता नव्यानं सुरुवात करू, अगदी पहिल्या दिवसापासून."

पोकुआनं केळं उलटलं.

"नव्यानं कशाला, मॅडम? मी गेलेच कुठं होते? नुसती उठले होते."