ताकाचं निमित्त

लेकराला फसवणं सोपं असतं, पण ते एकदाच. दुसऱ्यांदा लेकरू हुशार होतं आणि तिसऱ्यांदा ते आपल्यालाच फसवतं. कडूबाईच्या लेकीनं, सुकन्यानं, हेच केलं. त्यात दोघींचं किती नुकसान झालं, हे मात्र कळायला फार उशीर झाला.

नेकनूरच्या अलीकडं त्यांचं गाव. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं, ते उन्हं तापल्यावर परत यायचं. बंकट आणि त्याची बायको कडूबाईही जायचे. सुकन्याचं नाव पहिलीत घातलं तेव्हा कडूबाईनं नवऱ्याला बजावलं, की पोरगी आता तोडीवर येणार नाही, तिची शाळा बुडवायची नाही. बंकटची विधवा बहीण भिवराबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिच्याकडं पोरीनं राहायचं ठरलं. पोरीला कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

निघायच्या सकाळी कडूबाईनं तिच्या हातात स्टीलचा कडीचा डबा दिला.

"आत्याकडनं ताक घिऊन ये बाय. सांडू नको, हळू ये."

पोरगी गेली. आत्यानं तिला बसवून घेतलं, गूळ-शेंगा दिल्या, वेणी घातली आणि बऱ्याच वेळानं डब्यात ताक ओतलं. थेंबही न सांडता सुकन्या घरी आली, तर दाराला कुलूप. मारुतीच्या देवळापुढं जिथं तोडकऱ्यांना न्यायला आलेला ट्रॅक्टर उभा होता तिथं नुसता ऑइलचा डाग. ती डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसून राहिली. आत्या न्यायला आली तेव्हा म्हणाली, "रडू नको. शहानी हायेस ना तू?"

पुढच्या वर्षी कडूबाईनं पुन्हा डबा पुढं केला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं तर ताकानंच तोंड पोळलं होतं. सुकन्यानं आईचा पदर धरला, तो बंकटनं तिची बोटं उकलली तेव्हाच सुटला. ट्रॉली हलली आणि कडूबाईनं असा हंबरडा फोडला, की मुकादमानं ट्रॅक्टर थांबवून दोघींना शिव्या घातल्या. तो सबंध हिवाळा पोरीच्या डोळ्यांपुढून आईचा चेहरा हलला नाही.

तिसऱ्या वर्षी तिनं डबा गुपचूप घेतला.

"सांडू नको," आई म्हणाली.

"न्हाई सांडत."

आपण गेलो की आईला जाणं सोपं जातं, एवढं तिला समजलं होतं. हे काही शाळेत शिकवलेलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात; सुकन्या भांड्यासकट लपली. शाळेच्या भिंतीआडून तिनं ट्रॉली जाताना पाहिली. कडूबाई मागं तोंड करून बसली होती आणि वळण येईपर्यंत गावाकडं बघत होती. पोर मागं आली तर नाही ना, हेच आई बघते आहे, असं सुकन्याला वाटलं. म्हणून ती अजून आत सरकली.

मग दरसाल तसंच झालं. आई डबा द्यायची, लेक घ्यायची, दोघीही ताकाचंच बोलायच्या. गाव म्हणायचं, काय शहाणी पोर आहे. ती आपली वेणी आपण घालायला शिकली, ताप आला तर न सांगता अंगावर काढायला शिकली, कुणाची वाट न बघायलाही शिकली. उन्हाळ्यात आई परत आली की दोघी एकमेकींशी पाहुण्यासारख्या वागायच्या. दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंग झालं. बीडला एका दवाखान्यात ती लागली तेव्हा कडूबाईनं गावात पेढे वाटले. एक पेढा लेकीच्या तोंडात घालायला हात उचलला, आणि मग तिच्या हातावरच ठेवला.

दवाखान्यात सुकन्याची एक पद्धत होती. रोग्याचं आटोपत आलं, की उशाशी बसलेल्या माणसाला ती हळूच म्हणायची, "जरा चहा घेऊन या." ते येईपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं, चादर ओढलेली असायची. सिस्टर लई मायाळू, असं लोक म्हणायचे. तिलाही ते पटायचं. आपण आयुष्यात एक गोष्ट नीट शिकलो, असं तिला वाटायचं.

एकदा मंगल नावाची कॉलेजातली पोर बापाजवळ होती. चहाचा ग्लास घेऊन ती परत आली आणि ओढलेल्या चादरीकडं बघत राहिली.

"ताई, मला कावून पाठवलं?"

"तुला बघवलं नसतं गं."

"बघितलं असतं मी," मंगल म्हणाली. तिनं ग्लास स्टुलावर ठेवला आणि पुन्हा सुकन्याकडं वळून पाहिलं नाही. सुकन्याला रागच आला. चांगलं करायला जावं तर हे असं. तिनं चहा मोरीत ओतला, पण ते वाक्य काही केल्या जाईना.

बंकट आधीच गेला होता. यंदा कडूबाईच्या किडन्या गेल्या, आणि आता घरीच न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुकन्या रजा टाकून गावच्या घरात आली. औषध, अंग पुसणं, कूस बदलणं, कशात म्हणून कमी नव्हती. फक्त एक गोष्ट आईला विचारायची राहिली होती: मला सोडून जाताना तुला हलकं वाटायचं का? रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज चादर नीट करून उठायची. आई चालली होती. तिच्यामागं उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं.

एका दुपारी कडूबाईचा श्वास बदलला. तसा श्वास सुकन्यानं पुष्कळदा ऐकला होता. ती जवळ गेली. आईनं डोळे उघडले.

"सुकन्ये, आत्याकडनं ताक घिऊन ये."

भिवराबाईला जाऊन कैक वर्षं झाली होती. तिचं घरही आता जाग्यावर नव्हतं. सुकन्या उभी राहिली. फळीवर तो डबा अजून होता, पोचे पडलेला. तिचा हात आपसूक वर गेला.

"सांडू नको."

"न्हाई सांडत," ती म्हणाली, आणि डबा घेऊन खरंच बाहेर पडली. एवढी शिकलेली, नोकरी करणारी बाई. पण पाय ऐकायचे ते त्या जुन्या पोरीचंच ऐकत होते. ती दाराबाहेर भिंतीला टेकली. आईला सोपं जाऊ दे, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि मंगलचं वाक्य पुन्हा कानाशी आलं.

तिनं फटीतून आत पाहिलं. कडूबाईनं मोठ्या कष्टानं मान वळवली होती. ती दाराकडं बघत होती, ट्रॉलीत बसून बघायची तशीच.

सुकन्या आत गेली.

"आनलं ताक?"

"न्हाई. गेलेच न्हाई मी. हितंच भिताडाआड होते."

कडूबाईनं तिच्या हातातल्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ठावं हाय. शाळंच्या भिंतीमागं ऱ्हायचीस. डबा चमकायचा उन्हात."

सुकन्यानं डबा खाली ठेवला आणि ती उशाशी टेकली.

"येशील वाटायचं गं," कडूबाई म्हणाली. "दरसाल वाटायचं. तू आत सरकायचीस."

सुकन्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि श्वास थांबेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत बसली. चादर ओढली नाही. मग ती रडली, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या सरस्वतीबाई भाकरी टाकून धावत आल्या.

"अगं, तू तर दवाखान्यातली बाई," त्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "तू शहानी ना? तूच असं केल्यावर कसं?"

सुकन्यानं मान हलवली, नाही म्हणून. सरस्वतीबाईंनी पायात येणारा डबा उचलायला हात पुढं केला, तर तिनं तो ओढून पोटाशी धरला आणि सोडला नाही.